ग्लिका नेरा येथे स्वतःच्या भरवशावर स्नॉर्केलिंग: कुटुंबाने जावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक दांपत्य सप्टेंबरच्या मध्यावर चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावर जाणार आहे. तिघांनाही पोहण्याच्या तलावात चांगले पोहता येते, मालवण आणि अंदमानातील हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) येथे त्यांनी स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासनळी लावून, पाण्यावर पालथे तरंगत खालचे पाहणे) केले आहे, आणि आता गर्दीपासून दूर, गाडीरस्ता नसलेल्या ग्लिका नेरा या किनाऱ्यावर मार्गदर्शकाशिवाय पाण्यात उतरण्याची त्यांची इच्छा आहे. तिथे जावे का, कसे जावे, पाण्याखाली काय दिसेल आणि मुलीला नेणे कितपत सुरक्षित आहे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो: जावे, आणि मुलीलाही न्यावे, सप्टेंबर हा त्यासाठी चांगला महिना आहे. मात्र मुक्काम लूत्रो या गावी ठेवावा, पाण्यातले पहिले एक-दोन दिवस गावाजवळच घालवावेत आणि ग्लिका नेराचा दिवस घरून ठरवून न जाता तिथला वारा पाहून ठरवावा. दुर्गम किनाऱ्यावर पाण्यात उतरणे कोणालाही जमते. बाहेर कुठून पडायचे, दमल्यावर कुठे थांबायचे आणि मदत लागलीच तर ती किती वेळाने येणार, याचा हिशेब मात्र उतरण्याआधीच झालेला असावा लागतो. मी या किनाऱ्यावर अनेक हंगाम पर्यटकांना पाण्यात नेण्याचे काम केले आहे, आणि तिथे अडचणीत आलेली जी माणसे पाहिली, त्यांतली बहुतेक पोहायला कच्ची नव्हती. परतीचा विचार त्यांनी पाण्यात गेल्यावर सुरू केला होता, इतकेच.

ग्लिका नेरा क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्फाकिया भागात, होरा स्फाकिऑन आणि लूत्रो या दोन गावांच्या दरम्यान आहे. समोर लिबियन समुद्र आणि पाठीशी लेफ्का ओरी हा चुनखडीचा पर्वत, ज्याचे सर्वोच्च शिखर पाहनेस २,४५३ मीटर उंच आहे. डोंगर जवळजवळ थेट समुद्रात उतरत असल्याने काठाने रस्ता काढायला जागाच उरलेली नाही. हानिया शहरातून होरा स्फाकिऑनला बसने साधारण दोन तासांत पोहोचता येते आणि तेथून लूत्रोला फेरीबोटीने वीसेक मिनिटे लागतात. लूत्रोलाही गाडी जात नाही. पुढे ग्लिका नेराला जाण्याचे मार्ग दोन आहेत: हंगामात सुटणारी लहान बोट, किंवा ई-४ या नावाने ओळखली जाणारी पायवाट. लूत्रोहून चालत तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. होरा स्फाकिऑनच्या बाजूने यायचे तर आधी डांबरी रस्त्याने मोठ्या वळणापर्यंत जाऊन मग कड्याच्या अंगाने, सुट्या दगडांवरून चालावे लागते. सह्याद्रीत भटकणाऱ्याला ही वाट विशेष अवघड वाटणार नाही, पण पायात चपला, पाठीवर फिन्स (पोहताना पायात घालायचे रबरी पंख) आणि डोक्यावर दुपारचे ऊन अशा अवस्थेत ती करू नये. जाता-येता बोट घ्यावी आणि पायवाट राखीव पर्याय म्हणून ध्यानात ठेवावी. त्यासाठी बूट सोबत असलेच पाहिजेत.

आता या किनाऱ्याचे वैशिष्ट्य. लेफ्का ओरीवर पडणारा पाऊस आणि हिवाळी बर्फाचे पाणी चुनखडीच्या भेगांतून आत मुरते, डोंगरावर नदी होऊन फारसे वाहत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी अगदी समुद्रसपाटीला येऊन बाहेर पडते. ग्लिका नेराला ते गोट्यांच्या खालून झिरपते. लाटेच्या रेषेच्या थोडे मागे गोटे उकरले की खड्ड्यात थंडगार गोडे पाणी साचते. समुद्राला लागून असलेल्या विहिरीचे पाणी गोडे असू शकते हे कोकण पाहिलेल्या माणसाला नवे नाही, परंतु ते समुद्रात मिसळताना मास्कमधून पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. भूमध्य समुद्राच्या या भागात क्षारांचे प्रमाण हजारी ३८ ते ३९, म्हणजे महासागरांच्या साधारण ३५ या सरासरीपेक्षा जास्त असते. त्यामुळे झऱ्याचे पाणी कितीही थंड असले तरी खाऱ्यापेक्षा हलके ठरते आणि वर पसरते. काठापासूनच्या पहिल्या काही मीटरांत सगळे धूसर होते, गोट्यांच्या कडा थरथरू लागतात, स्वतःच्या हाताची बोटे तेल लागलेल्या काचेतून पाहावीत तशी दिसतात, आणि पहिल्यांदा आलेला जवळजवळ प्रत्येक जण मास्क काढून काच पुसू लागतो. मास्कमध्ये काही बिघडलेले नसते. दोन प्रकारच्या पाण्यांतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून असे होते. अशा वेळी श्वास रोखून जेमतेम एक मीटर खाली जावे. डोके त्या थरातून खाली आले की तळ एकदम लख्ख दिसतो, आणि खालचे पाणी वरच्यापेक्षा उबदार लागते. एरवी समुद्रात खोल जाऊ तसे पाणी थंड होत जाते. इथे हात वर केला तर बोटे गारठतात आणि खांदा ऊबेत राहतो. शांत सकाळी हा थर स्पष्ट असतो. वारा सुटून लाटा उठल्या की दोन्ही पाणी मिसळते आणि ही गंमत संपते.

याचा व्यावहारिक परिणाम असा की सप्टेंबरात समुद्राचे तापमान २५ अंशांच्या आसपास असूनही काठाजवळ हुडहुडी भरते. अरबी समुद्राच्या पाण्याची सवय असलेल्याला २५ अंशही अर्ध्या-पाऊण तासाने गार वाटू लागतात. तिघांसाठी निदान दोन मिलिमीटर जाडीचे आखूड वेट सूट (पाण्यात ऊब राखणारे रबरी पोशाख) असावेत. त्याने पाठीचे उन्हापासून रक्षणही होते. वेट सूट नसेल तर पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगासरसा सदरा) घालावा, कारण पाण्यावर पालथे तरंगताना पाठ, मान आणि गुडघ्यांची मागची बाजू भाजते आणि ते संध्याकाळपर्यंत कळत नाही.

पाण्याखाली काय दिसेल, याबद्दल मात्र अपेक्षा नीट ठेवाव्यात. अंदमान डोळ्यांसमोर ठेवून जाल तर निराशा पदरी पडेल. इथे प्रवाळाची बाग नाही आणि माशांची गर्दीही नाही. पूर्व भूमध्य समुद्रात पोषक द्रव्ये फार कमी आहेत, त्यामुळे सूक्ष्म वनस्पती कमी, आणि म्हणूनच पाणी इतके नितळ. वीस मीटरपलीकडचेही दिसते, ते पाण्यात खाण्यासारखे फारसे काही तरंगत नसल्यामुळे. मालवणचे पाणी गढूळ असण्यामागे त्याची समृद्धी हेही एक कारण आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच समुद्राकडून मागता येत नाहीत. तरीही पाहायला पुष्कळ आहे. खडकांवर चरणारे पोपट मासे दिसतात. त्यांच्या इथल्या जातीत मादी लाल, पिवळ्या-करड्या ठिगळाची आणि नर करडा, म्हणजे माशांच्या नेहमीच्या रीतीच्या उलट. मोरपंखी रंगाचे रास मासे, शेपटीपाशी काळा ठिपका असलेल्या चंदेरी माशांचे लहान थवे, दगडाच्या सांदीतून डोके काढणारी, सापासारख्या अंगाची मोरे ईल, आणि नशीब असेल तर गोब्र्याच्या कुळातला एखादा लाजरा मासा.

भारतीय वाचकाला ओळखीचे वाटतील असे पाहुणेही तिथे आहेत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातून कित्येक जाती भूमध्य समुद्रात शिरल्या, आणि पाणी तापत चालले तशा पूर्वेकडील भागात स्थिरावल्या. लायनफिश आता क्रीटच्या कपारींत सर्रास दिसतो. तो देखणा आहे, हळू सरकतो आणि त्याच्या पाठीचे काटे विषारी आहेत. आपले मच्छीमार जाळी कुरतडणाऱ्या ज्या केंड माशाला वैतागलेले असतात, त्याचाच चंदेरी पट्ट्याचा भाऊबंद तिथेही जाळ्यांची तशीच नासधूस करतो. त्याचे मांस विषारी असते. कोणी गळाला लावून दिला तरी तो खाऊ नये.

गोटे आणि वाळू यांच्यासमोर मध्यभागी पोहत राहिलात तर यातले जवळजवळ काहीच दिसणार नाही. जीवसृष्टी असते ती किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना, जिथे कडा पाण्यात उतरतो आणि कोसळलेले मोठे खडक तळाशी पडलेले असतात. तिथेही सतत पुढे जात राहण्यापेक्षा एका खडकापाशी दहा मिनिटे निश्चल तरंगावे, म्हणजे पळालेले मासे परत येतात. ऑक्टोपस शोधायचा असेल तर ऑक्टोपसकडे पाहू नका, त्याच्या घराकडे पाहा: खडकाच्या पायथ्याशी एखादे भोक, त्याच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा आणि मुठीएवढ्या दगडांचा ढीग. एखादा दगड कोणीतरी आतून ओढून धरल्यासारखा उभा असतो. दोन मीटरवर थांबून राहिलात तर थोड्या वेळाने दगडामागून आडव्या बाहुलीचा एक डोळा वर येतो, त्याच्याभोवतीची कातडी काटेरी होते, मग गुळगुळीत, मग पुन्हा खडकाच्या रंगाची. काठीने डिवचून त्याला बाहेर काढणारे लोक दिसतील. मुलीला तसे करू देऊ नये.

निव्वळ पाण्याखालचे दृश्य हाच हेतू असेल तर माझ्या मते मार्मारा हा किनारा ग्लिका नेरापेक्षा सरस आहे. तो लूत्रोच्या पश्चिमेला, अरादेना घळीच्या मुखाशी आहे. खडक संगमरवरी, पाण्याने झिजून गुळगुळीत झालेले, आणि त्यांच्यात लहान गुहा व कमानी आहेत. तिथेही लूत्रोहून बोट जाते. झऱ्यांसाठी आणि एकांतासाठी ग्लिका नेरा, खडकांसाठी मार्मारा, अशी विभागणी करावी. गुहांच्या आत मात्र पोहत जाऊ नये. लाटेने डोके छताला आपटते, आणि अशाच गुहांचा आसरा भूमध्य समुद्रातले दुर्मिळ मंक सील घेतात, त्यांनाही त्रास होतो.

आता वाऱ्याबद्दल, कारण बाकी सगळे चुकले तरी निभावते, वारा चुकला तर निभावत नाही. उन्हाळ्यात या भागात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये असतो आणि सप्टेंबरात तो ओसरू लागतो, पण थांबत नाही. ग्लिका नेरा पर्वताच्या दक्षिणेला असल्याने उत्तरेचा वारा तिथे जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे आपल्या मतलई वाऱ्याच्या दिशेने वाहतो. फरक एवढाच की मतलई वारा रात्री आणि पहाटे सौम्यपणे वाहतो, आणि हा भर दुपारी घळींमधून झोत टाकल्यासारखा उतरतो. काठाजवळ समुद्र आरशासारखा सपाट दिसतो आणि माणूस त्यालाच भुलतो. शंभर मीटर आत गेल्यावर लाटा उठलेल्या असतात आणि परतताना त्या तोंडावर घेत यावे लागते. हवेच्या गाद्या, रबरी कड्या असल्या वस्तू या किनाऱ्यावर अजिबात नेऊ नयेत. पुढे गाव्दोस बेट सोडले तर सुमारे तीनशे किलोमीटरवर थेट लिबियाच लागतो. बायबलच्या नव्या करारात संत पौलाला नेणारे जहाज हिवाळ्यासाठी ज्या फिनिक्स बंदराकडे निघाले होते, ते लूत्रोलगतचे मानले जाते. मंद दक्षिण वाऱ्यावर भरवसा ठेवून निघालेले ते जहाज बेटावरून सुटलेल्या वादळी वाऱ्यात सापडले आणि गाव्दोसच्या आडोशाने भरकटत गेले. तो हिवाळ्याच्या तोंडचा प्रसंग होता, पण वारा बदलण्याची या किनाऱ्याची खोड तीच आहे.

दक्षिणेकडून वारा असेल तर उलटी अडचण होते. लाटा गोट्यांच्या उतारावर धाडकन फुटतात, पाय निसटतात आणि फिन्स घालून बाहेर पडणे कठीण होते. त्या दिवशी बोटवालाही बहुधा नकार देतो आणि त्याच्याशी हुज्जत घालू नये. हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा जोर तिथे बोफर्ट मापात सांगतात. ४ बोफर्टपेक्षा जास्त असेल तर तुमच्यासारख्यांनी ग्लिका नेराचा बेत रद्द करून लूत्रोच्या बंदिस्त खाडीतच, बोटींच्या वाटेपासून दूर, काठाने पोहावे.

पाण्यातला नियम साधा ठेवावा. किनाऱ्याला समांतर पोहावे, काठापासून वीस-तीस मीटरच्या पुढे जाऊ नये, आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जावे म्हणजे दमल्यावर वारा साथ देतो, आणि चाळीस मिनिटांनी बाहेर यावेच. तुम्ही तिघे आहात ही सोय आहे: दोघांनी पाण्यात एकमेकांच्या हाताच्या अंतरावर राहावे आणि तिसऱ्याने काठावर बसून पाहत राहावे, पुस्तक वाचत नव्हे. मालवणला लाइफ जॅकेट घातलेले असते, शेजारी मार्गदर्शक असतो आणि बोट डोक्यावर उभी असते. इथे यातले काहीही नसते, त्यामुळे तिथल्या अनुभवाच्या जोरावर इथली तयारी झाली असे समजू नये. भरती-ओहोटीचा फरक मात्र इथे हाताच्या लांबीहूनही कमी असतो, कोकणासारखा दोन-तीन मीटरचा नाही, त्यामुळे ओहोटीचा ताण नाही आणि सामान थोडे वर ठेवले की पुरते.

साहित्यात मास्क सर्वांत महत्त्वाचा, आणि तो घरून न्यावा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलका श्वास आत घेतला तर तो चिकटून राहिला पाहिजे. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी शिरते. थोडे व्हॅसलिन लावल्याने भागते. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क स्वस्त आणि सोयीचे वाटतात, पण पाणी शिरल्यास चटकन काढता येत नाहीत आणि त्यातून खाली बुडी मारता येत नाही, म्हणून मी ते वापरू देत नाही. मुलीसाठी तोंडाने हवा भरता येणारे स्नॉर्केल जॅकेट घ्यावे, आणि पाण्यातल्या जोडीमागे भडक नारिंगी बोया दोरीने ओढत न्यावा. लहान बोटी किनाऱ्याच्या अगदी जवळून येतात आणि पाण्यावर आलेले डोके त्यांना उन्हाच्या तिरिपेत दिसत नाही.

मुलगी चौदा वर्षांची आहे, म्हणजे ताकद भरपूर आणि स्पर्धेची हौसही भरपूर. कोण जास्त वेळ खाली राहतो, हा खेळ बाप-लेकीत सुरू होऊ देऊ नये. बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेतल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि प्राणवायू त्याआधीच संपून माणूस काही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडतो. चांगल्या पोहणाऱ्यांनाच हे होते. दोन-तीन मीटरपर्यंत, एका साध्या श्वासात, एकाने वरून पाहत असताना बुडी मारणे पुरेसे आहे. प्रौढांसाठी आणखी एक: क्रीटमध्ये जेवणानंतर न मागता राकी ही तिथली कडक दारू येते आणि ती नाकारणे जड जाते. पाण्याच्या दिवशी ती रात्रीसाठी ठेवा.

इजांचे सांगायचे तर काळ्या काटेरी समुद्री साळूंवर पाय पडणे हीच नेहमीची तक्रार असते, आणि मऊ तळाचे पाण्यातले बूट घातले की ती बहुधा टळते. लायनफिश किंवा वाळूत दडणारा वीव्हर मासा टोचल्यास सोसेल तितक्या गरम, सुमारे ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ते दीड तास तो भाग बुडवावा. दुर्गम किनाऱ्यावर गरम पाणी मिळण्याची खात्री नसते, म्हणून एक चांगला थर्मास बरोबर न्यावा. जांभळट रंगाच्या पेलागिया जेलीफिशचा चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवावे. शेजारी झऱ्याचे पाणी असले तरी ते ओतू नये, कारण गोड्या पाण्याने उरलेल्या दंशपेशी फुटतात. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. डोंगराच्या आडोशाला मोबाइल लागेलच असे नाही, आणि मोठे रुग्णालय हानियालाच आहे.

किनाऱ्यावर बसताना कड्याच्या अगदी पायथ्याशी सावलीच्या मोहाने बसू नये, वरून दगड सुटतात. झाडांची सावली मोजकी आहे, म्हणून छत्री न्यावी. माणशी तीन लिटर पाणी न्यावे. झऱ्याचे पाणी लोक पितात, मीही प्यायलो आहे, पण समुद्रालगतच्या खड्ड्यातल्या पाण्यावर मुलीची तहान अवलंबून ठेवू नये. हंगामात एक छोटी खानावळ चालते, पण ती उघडी असेल असे गृहीत धरू नका. किनाऱ्याच्या काही भागात विवस्त्र ऊन घेणारे लोक असतात, ही तिथली जुनी रीत आहे. आधीच माहीत असले म्हणजे कुटुंबात अवघडलेपणा येत नाही, आणि कॅमेरा कुठे रोखायचा नाही हेही समजते. पाण्याखाली मातीच्या भांड्याचा तुकडा दिसला तर तो जागीच राहू द्यावा, कारण ग्रीसच्या २००२ च्या पुरातत्त्व कायद्याने अशा वस्तू राज्याच्या मालकीच्या आहेत.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात स्नॉर्केलिंग समाविष्ट आहे का, आणि बोटीने अथवा हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च मिळतो का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचून घ्यावे.

प्रत्यक्ष दिवस असा आखा. सकाळच्या पहिल्या बोटीने जा; वारा बहुधा दुपारी वाढतो आणि झऱ्यांचा धूसर थरही सकाळीच नीट दिसतो. उतरतानाच बोटवाल्याला परतीच्या सर्व वेळा विचारा आणि शेवटच्या बोटीऐवजी तिच्या आधीची बोट पकडायची असे ठरवा. अकरा-साडेअकरापर्यंत पाण्यातले काम उरका आणि नंतर पोहायचे तर काठाशीच. बोट आलीच नाही तर वाट पाहत बसू नका. सप्टेंबरच्या मध्यावर तिथे साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाच वाजेपर्यंत बूट चढवून, डोक्याला लावायचा दिवा खिशात ठेवून, पायवाटेने लूत्रोकडे निघालेले असा.